परत न करायची चकती

मी एक जुनी चकती आहे, असे म्हणताना माझी जीभ अडखळते. जुने व्हायला आधी वापरात राहावे लागते. मी वापरात होते ते जेमतेम तासभर, आणि तोही धड पुरता नाही. एवढ्याशा आयुष्याला आत्मवृत्त म्हणावे की नाही, मला खरेच ठरवता येत नाही. पण मित्रांनो, पडून राहायला वेळ भरपूर आहे आणि मन काही स्वस्थ बसत नाही, तेव्हा सांगते. कंटाळा आला तर मध्येच उठून गेलात तरी चालेल. माझ्या बाबतीत तसे पूर्वीही घडले आहे.

मी सिनेमाची चकती. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी अशा चकत्या पाहिल्या असतील. रुपेरी, आरशासारख्या, यंत्रात घातल्या की पडद्यावर सिनेमा सुरू. मी मात्र लाल होते. डाळिंबाचा दाणा उजेडात धरावा तशी. दोन पातळ प्लास्टिकच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये डिंकाचा थर, अशी माझी घडण. त्या डिंकात एक रंग कालवलेला होता. त्याला हवा लागली की तो हळूहळू काळा पडत जायचा, सफरचंदाची चिरलेली फोड तांबूस होते तसा. दोन दिवसांत तो इतका काळा व्हायचा की यंत्रातल्या किरणाला माझ्यातले काही वाचता येत नसे. ही खोड माझ्यात चुकून राहिली होती असे समजू नका. पुष्कळ शिकलेल्या माणसांनी पुष्कळ प्रयोग करून ती मुद्दाम घातली होती. मग हवा काढलेल्या पाकिटात मला बंद केले आणि म्हणाले, छान झाली.

छान कशासाठी? तर त्या दिवसांत सिनेमाच्या चकत्या दुकानातून भाड्याने आणत आणि पाहून झाल्यावर परत नेऊन देत. उशीर झाला की दंड पडे. मला परत द्यायची गरज नव्हती. पाहा आणि फेका. एवढाच माझा गुण, आणि त्याचेच मोठे कौतुक होते.

अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका पेट्रोल पंपाच्या गल्ल्याशेजारी आम्हा चकत्यांची चळत ठेवली होती, मासे धरायच्या गळांच्या आणि सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्यांच्या मध्ये. नोव्हेंबर होता. शिकारीचा हंगाम सुरू होता आणि पंपावर येणारा जो तो, दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजू नये म्हणून, नारिंगी टोपी घालून येत होता. त्यांतला एक ऑर्विन थोरसन. सत्तरी ओलांडलेला, लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झालेला, उंच आणि बोलका.

"वेन, ही परत कधी आणून द्यायची?" त्याने मला उलटसुलट करत पंपवाल्याला विचारले.

"द्यायचीच नाही. पाकीट फोडलं की दोन दिवस चालते. मग काळी पडते. मग फेकून दे."

"नुसती फेकून दे?"

"नुसती फेकून दे. रस्त्यावर बर्फ पडो नाहीतर झाड पडो, तुला काय त्याचं! सोफ्यावरून उठायचंसुद्धा काम नाही."

"सोफ्यावरून उठलो नाही तर व्हर्ना मलाच फेकून देईल," ऑर्विन म्हणाला आणि त्याने मला विकत घेतले.

खरे सांगायचे तर त्याची सोय मला पटली होती. चकत्यांचे दुकान त्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर होते. मागच्या हिवाळ्यात वादळात रस्ता बंद पडल्यामुळे त्याला दंड भरावा लागला होता आणि अजूनही तो त्याला सलत होता. मी त्याचे काम सोपे करणार होते. मला स्वतःचा अभिमानच वाटला. तो किती टिकला ते पुढे येईलच.

व्हर्ना, त्याची बायको, वेगळ्या मातीची होती. तिच्या स्वयंपाकघरात धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दोरीवर वाळत असत. लोण्याचे रिकामे डबे एकात एक घालून कपाटात आढ्यापर्यंत गेलेले. तिने भिंग घेऊन माझे पाकीट मागून पुढून वाचून काढले.

"ऑर्विन, तू दोन दिवसांत मरणारी वस्तू विकत आणलीस?"

"फुलं नाही का आणत आपण?"

"फुलं मातीत जातात. हे कुठे जाणार?" तिने भिंग आणखी जवळ नेले. "आणि हे बघ काय लिहिलंय. पाहून झाल्यावर या पत्त्यावर टपालानं पाठवा, आम्ही वितळवून पुन्हा वापरू. परत द्यायला नको म्हणून घेतलीस ना? मग हे टपाल काय मी चालत नेऊ?"

"ते वाचायचं नसतं गं. मनाच्या समाधानासाठी छापतात."

"कोणाच्या मनाच्या?"

ऑर्विनने मला नेऊन सिनेमाच्या यंत्रावर ठेवले.

रविवारी चर्चहून आल्यावर, जेवण झाल्यावर, त्याने माझे पाकीट टर्रकन फाडले. हवा माझ्या कडेकडेने आत शिरली. दुखले नाही, पण त्या क्षणापासून मला स्वस्थता अशी लाभलीच नाही. कोणीतरी मागून चालत येत आहे आणि आपण वळून पाहू शकत नाही, तसे काहीसे वाटत राहिले.

सिनेमा घोड्याच्या खुनाचा होता. शर्यतीचा एक नामांकित घोडा तबेल्यात विष देऊन मारलेला सापडतो आणि संशय सगळ्यांवर जातो. ऑर्विनला सिनेमा पाहताना गुन्हेगार ओळखायची भारी हौस.

"पशुवैद्य," तो पाचव्या मिनिटालाच म्हणाला. "त्याच्या मिशा बघ."

"तुझ्या भावाला तशाच मिशा होत्या."

"म्हणूनच म्हणतो."

व्हर्ना हसली. हातात विणकाम होते तिच्या. सिनेमा निम्म्यावर आला असताना ऑर्विनने छाती चोळायला सुरुवात केली. जेवण जड झाले म्हणाला. मग काहीच म्हणाला नाही. व्हर्नाने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, विणकाम फेकले आणि फोनकडे धावली. जाता जाता तिने सिनेमा थांबवला. का कोण जाणे, माणसे अशा वेळीही दिवे मालवतात, नळ बंद करतात.

अँब्युलन्स घेऊन गावातलीच माणसे आली. त्यांनी त्याला उचलले तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते, तरी त्याने बायकोची बाही धरली.

"व्हर्ना, माझ्याशिवाय शेवट बघायचा नाही."

"गप्प बस. बोलू नकोस."

"आधी वचन दे."

"दिलं. दिलं, बाबा. आता तोंड मीट."

"पशुवैद्यच," तो म्हणाला, आणि दार लागले.

घरात मी एकटी. पडद्यावर तबेल्याचे अर्धे उघडे दार तसेच गोठलेले. यंत्र चालूच होते. माझ्यातला लाल रंग कणाकणाने मळत होता हे मला जाणवत होते, आणि त्या माणसाचे काय झाले हे मात्र कळायला मार्ग नव्हता. मित्रांनो, वाट पाहणे सगळ्यांनाच जड जाते, पण ज्याला वेळ मोजून दिलेला असतो त्याला फारच जड जाते.

संध्याकाळी व्हर्ना परत आली ती ट्रूडीच्या गाडीतून. ट्रूडी म्हणजे ऑर्विनच्या भावाची मुलगी, त्या मिशीवाल्याचीच. शाळेच्या खाणावळीत काम करायची. व्हर्नाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्याने तिला स्वतः गाडी चालवता येत नसे. दोघींच्या बोलण्यातून मला समजले: हृदयाकडे जाणारी वाट बंद झाली होती, नळी घालून ती मोकळी केली होती, पण डॉक्टर अजून भरवसा देत नव्हते.

व्हर्नाने अंगातला कोट न काढताच मला यंत्रातून बाहेर काढले आणि दिव्यासमोर धरले.

"अजून लाल आहे," ती म्हणाली.

"काकू, ती काळी पडणारच. मी पण हीच एक आणली होती, थोडी पाहिली, मग गाडीतच राहिली आणि कोळसा झाली. उद्या पंपावरून दुसरी आणते की. तीच असते, तसाच सिनेमा."

"दुसरी नको."

"अगं पण..."

"त्यानं हिच्यावर वचन घेतलंय, ट्रूडी. ही लाल आहे तोवर..." तिने वाक्य पुरे केले नाही.

ते पुरे करायची गरज नव्हती. मला कळले, आणि मी हादरले. आजवर माझ्याकडून एवढेच अपेक्षित होते की दोन तास करमणूक करावी आणि निमूट काळे पडावे. आता ही बाई माझ्या रंगाकडे आपल्या नवऱ्याच्या जिवाची खूण म्हणून पाहत होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, अहो बाई, मी नाही हो तशी, मला मरायलाच बनवले आहे, माझ्यावर विसंबू नका. पण चकतीला कुठला आवाज!

त्या भागात प्रत्येक घराच्या तळघरात एक मोठी शीतपेटी असते आणि शेजारी एक यंत्र. शिकारीचे मांस पिशवीत घालायचे, यंत्राने पिशवीतली हवा ओढून घ्यायची, तोंड चिकटवायचे आणि पिशवी पेटीत टाकायची. मग ते मांस वर्षभर टिकते. हवेने नासणारी वस्तू हवेपासून कशी वाचवायची, हे व्हर्नाला कोणी शिकवायला नको होते. चाळीस वर्षे ती हेच करत आली होती. तिने मला पिशवीत घातले, यंत्राने घुर्र करून हवा ओढली, पिशवी माझ्या अंगाला घट्ट बसली. मग तिने कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर लिहिले आणि मला पेटीत ठेवले. एका बाजूला 'हरीण, पाठ', दुसऱ्या बाजूला 'हरीण, मांडी', आणि मधल्या पिशवीवर 'ऑर्विन'.

ट्रूडीने वाकून पाहिले. "काकू, हे पोलिसांनी पाहिलं ना, तर तुला बेड्या घालून नेतील."

व्हर्नाला हसू आले आणि हसता हसता ती रडायला लागली.

तिची युक्ती अगदीच वाया गेली नाही. थंडीने माझ्यातले मळणे मंदावले. हवा आधीच आत गेली होती, तिला कोणी ओढून काढू शकत नव्हते, पण पेटीत तशीच पडून राहिले असते तर कदाचित थोडे अधिक दिवस टिकलेही असते. नक्की सांगता येत नाही. मला बनवणाऱ्यांनीही तो प्रयोग केला नसावा. पण व्हर्नाला राहवेना. सकाळी दवाखान्यात जायला निघाली की ती आधी तळघरात येई, कात्रीने पिशवी कापी, मला खिडकीशी नेऊन उजेडात धरी. "आहे, लाल आहे." मग नवी पिशवी, पुन्हा घुर्र, पुन्हा पेटी. परत आली की तेच. प्रत्येक खेपेला नवी हवा लागे, ऊब लागे, आणि मी आणखी थोडी मावळे. तिला ते कळत नव्हते. मी तिला दोष देत नाही. ज्याच्यावर जीव आहे ते पुन्हा पुन्हा उघडून पाहावेसे वाटतेच. पण जपणे म्हणजे सारखे उघडून पाहणे नव्हे, हे मला त्या तळघरात कळले. सांगण्यासारखे मला एवढेच कळले असेल.

वरच्या स्वयंपाकघरातून मला पावले ऐकू येत. घरात आजारपण आले की तिथल्या बायका ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्या-खिम्याच्या थाळ्या घेऊन येतात. प्रत्येक थाळीच्या बुडाला पट्टीवर मालकिणीचे नाव चिकटवलेले असते, कारण थाळी परत करायची असते. आणि थाळी परत करायला गेलेली बाई दारातून वळत नाही. ती बसते, कॉफी घेते, रडायचे असेल तर रडते.

"शेजारच्या इंगाची थाळी देऊन आले," ट्रूडी एकदा म्हणाली. "पाऊण तास सोडलं नाही मला. तिच्या नवऱ्यालाही हेच झालं होतं म्हणे, आता छपरावर चढून बर्फ काढतो."

"खरंच?" व्हर्नाच्या आवाजात तीन दिवसांत पहिल्यांदा जीव आला.

मी पेटीत पडल्या पडल्या विचार करत होते. परत करायला लागू नये हाच तर माझा गुण. मग त्या थाळीचा मला हेवा का वाटावा?

मधल्या एका दिवशी ऑर्विनची तब्येत पुन्हा बिघडली. हृदयाचे ठोके चुकायला लागले. व्हर्ना परत आली ती सरळ तळघरात. मी तेव्हा वाळलेल्या रक्ताच्या रंगावर आले होते. तिने मला बराच वेळ धरून ठेवले. "आहे," ती म्हणाली, पण 'लाल' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी कापली आणि मी काळी होते. दिव्याला धरले, खिडकीला धरले, तरी काळी. तळहात मागे धरला तर त्याची सावलीसुद्धा दिसेना. ती शीतपेटीच्या झाकणावर बसली, कोट घातलेला, पर्स खांद्याला. बाहेर ट्रूडीने गाडीचा भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. शेवटी ती जिना उतरून खाली आली.

"काकू, चल ना. भेटीची वेळ होतेय."

"मी नाही येत."

"का?"

व्हर्नाने मला वर धरले. ट्रूडीने माझ्याकडे पाहिले, काकूकडे पाहिले, आणि ती तिच्या शेजारी झाकणावर टेकली.

"काकू, हे प्लास्टिक आहे."

"माहिती आहे मला."

"कुणाच्याही घरी असती तरी काळीच पडली असती. ते पाकिटावरच छापलंय. काकांचं कुठे काय छापलंय?"

"तू जाऊन बघ. आणि मला फोन कर."

"मी फोन करणार नाही," ट्रूडी म्हणाली. "काका विचारतील व्हर्ना कुठाय, तर मी सांगेन, ती हरणांवर बसलीय."

व्हर्नाने पर्सचा पट्टा नीट केला. मग उठली आणि मला पर्समध्ये टाकले. रस्ताभर मी तिच्या रुमालाखाली होते आणि तिचा हात मधून मधून आत येऊन मला चाचपत होता. काय चाचपत होती, देव जाणे. काळेपणा हाताला लागत नाही.

खोलीचे दार उघडण्याआधी ती थांबली. आतून ऑर्विनचा आवाज येत होता.

"याला पुडिंग म्हणतात? यानं तर मी भिंतीच्या फटी बुजवतो!"

तो उशीला टेकून बसला होता. नाकातली नळी काढलेली, हातातली अजून होती. व्हर्नाने पर्समधून मला काढले आणि त्याच्यापुढे धरले, जणू गुन्हा कबूल करत होती.

"हे काय? जळकी भाकरी?"

"तुझा सिनेमा. मी पिशवीत घातला, गोठवला, सगळं केलं. तरी काळा पडला, ऑर्विन. मला वाटलं..." आणि ती त्याच्या पांघरुणात तोंड घालून रडू लागली.

ऑर्विनने नळीचा हात सांभाळत दुसरा तिच्या केसांवर ठेवला. "वेडी कुठली. मीसुद्धा निळा पडलो होतो, कळलं? त्यांनी मला परत रंगवलंय. फुकट नाही रंगवलेलं, पण रंगवलंय." मग ट्रूडीकडे वळून, "तू तरी पाहिलास ना? कोणी मारला घोडा? पशुवैद्यानंच ना?"

"मला काय माहीत! माझी पण गाडीत काळी पडली. मी घोडा मेला तिथपर्यंतच पोचले."

"म्हणजे आपल्या घराण्यात कोणालाच..."

"मालकाच्या मुलीनं," पलीकडच्या खाटेच्या पडद्यामागून एक घोगरा आवाज आला. "साखरेच्या खड्यातून विष."



"तुला कोणी विचारलं होतं रे?" ऑर्विन भडकला.

"पाच दिवस तुझी बडबड ऐकतोय. तेवढा हक्क आहे माझा."

व्हर्ना हसायला लागली. ती थांबेचना. तेवढ्यात डॉक्टरीण आली, कागद चाळले आणि म्हणाली, उद्या घरी नेता येईल. त्यानंतर कोणी माझ्याकडे पाहिले नाही. व्हर्नाने मला जेवणाच्या ताटात, पुडिंगच्या वाटीशेजारी ठेवून दिले होते आणि तिथेच ती मला विसरली. मला त्याचे वाईट वाटले नाही, म्हणजे फार वाटले नाही. तिला माझी गरज उरली नव्हती, आणि ती उरली नाही हे किती चांगले झाले होते! तिच्या हातून आयुष्यात टाकली गेलेली मी बहुधा पहिलीच वस्तू असेन.

ताट उचलणाऱ्या मुलीने मला कचऱ्याच्या पिशवीत सारले. पिशवीत अंधार होता आणि गर्दी होती. सगळे एकदाच वापरलेले. एक हातमोजा होता, नळीचा तुकडा होता, पुडिंगचा चमचा होता.

"मी त्या म्हाताऱ्याची सुई बदलताना नर्सच्या हातात होतो," हातमोजा म्हणाला. "एकाला लावलेला मी दुसऱ्याला चालत नाही. रोग जातो. म्हणून एकदाच."

"माझ्यातून त्याचं औषध गेलं," नळी म्हणाली. "माझंही तेच."

चमचा काही बोलला नाही.

"आणि तू गं?"

मी त्यांना सगळे सांगितले. घोडा, मिशा, वचन, हरणे, 'ऑर्विन' लिहिलेली पट्टी. त्यांनी मन लावून ऐकले.

"ते झालं," हातमोजा म्हणाला. "पण तू एकदाच का?"

मी पुष्कळ विचार केला. खोटे सांगावेसेही वाटले. शेवटी म्हणाले, "दुकानात परत नेऊन द्यायला लागू नये म्हणून."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करावा एवढी माझी योग्यता नाही. मीही कोणाच्या तरी सोयीसाठीच जन्मले आणि त्या सोयीचा मला एके काळी अभिमान होता. एवढीच विनंती करते की एकदाच वापरायची वस्तू हाती आली, तर पाकीट फोडण्याआधी तिला विचारा, तू एकदाच का? हातमोज्यासारखे उत्तर आले तर निःशंक वापरा आणि तिचे आभार माना. माझ्यासारखे आले तर तिला होती तिथेच ठेवा, आणि परत करायची असेल अशी एखादी वस्तू शोधा. परत करायला जाल तेव्हा घटकाभर बसा.

तेव्हापासून आम्ही गावाबाहेरच्या कचराडेपोत मातीखाली आहोत. हातमोजा आहे, नळी आहे, चमचा आहे, मी आहे. कोणीच अजून कुजलेले नाही. वरून रोज गाड्या रिकाम्या होतात आणि नवी मंडळी येऊन पडतात. इथे प्रत्येकाला तोच एक प्रश्न विचारायची रीत पडून गेली आहे. बहुतेकांचे उत्तर माझेच असते.